वाचनालय कोणाचे?

रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला २०२८ साली दोनशे वर्षे पूर्ण होतील. महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचनालय म्हणून त्याचा मान आहे. त्याच्यामागोमाग अहमदनगरचे १८३८ साली, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली आणि कोल्हापूरचे १८५० साली सुरू झाले. म्हणजे पुढील दोन-अडीच दशके महाराष्ट्रात वाचनालयांच्या द्विशताब्दी समारंभांची असणार आहेत. त्या त्या वेळी मांडव पडतील, मंत्री येतील, स्मरणिका निघतील, जुन्या कार्यवाहांना शाल-श्रीफळ दिले जाईल आणि वाचनसंस्कृती या शब्दाचा यथेच्छ उच्चार होईल. यात गैर काही नाही. दोनशे वर्षे टिकलेल्या संस्थेचे कौतुक समाजाने केलेच पाहिजे. परंतु मांडव उतरल्यानंतर त्या इमारतीत कोण येते, कशासाठी येते, तिथल्या पुस्तकांचे काय होते आणि ती पुस्तके सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे प्रश्न शिल्लक राहतात. त्यांची उत्तरे स्मरणिकेत सापडत नाहीत.

ही वाचनालये निघाली तेव्हा त्यांतील बहुतेकांचे नाव इंग्रजी होते. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाखाली साहेब अधिकारी आणि नवशिक्षित एतद्देशीय गृहस्थ एकत्र आले, वर्गणी जमवली आणि वृत्तपत्रे व पुस्तके ठेवण्यासाठी जागा पाहिली. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादींनी पुढाकार घेतला. त्याच १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. एकाच शहरात एकाच वर्षी दोन दारे उघडली. पण एका दारातून आत जाणाऱ्यांना दुसरे दार सहज उघडे होते असे मुळीच नव्हे. स्त्रियांना आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींना वाचनालयाची पायरी चढायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे सोयीचे असले तरी खरे नाही. मात्र एक गोष्ट या वाचनालयांनी पहिल्यापासून पाळली. ती सरकारने गावावर लादली नव्हती. गावातल्या चार लोकांनी पदरमोड करून ती उभी केली होती. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापले आणि पाच वर्षांनी मुंबईतही तसेच संग्रहालय निघाले, तेव्हा या चळवळीला मराठी ग्रंथांच्या जतनाचे निश्चित ध्येय मिळाले. नंतर तालुक्यांच्या गावी आणि खेड्यांत जी वाचनालये निघाली, त्यांची नावे देशभक्तांची, संतांची, समाजसुधारकांची होती. नावे बदलली, वाचक बदलले, पण वाचनालय हे गावाचे असते ही समजूत कायम राहिली.

आज ती समजूत कितपत शिल्लक आहे, हे पाहण्यासाठी कोणत्याही तालुक्याच्या गावी वाचनालयात सकाळी सात-साडेसातला डोकावावे. इमारतीच्या मागच्या अंगाला किंवा वरच्या मजल्यावर अभ्यासिका असते. तिथे एकही खुर्ची रिकामी दिसत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांचा ढीग, पाण्याची बाटली, कानात यंत्र, भिंतीवर परीक्षेच्या तारखा. सायंकाळपर्यंत, पुष्कळ ठिकाणी रात्री उशिरापर्यंत, ही मुले-मुली तिथून हलत नाहीत. खालच्या मजल्यावर देवघेव विभाग असतो. तिथे निवृत्त झालेले दोन गृहस्थ वृत्तपत्र चाळत बसलेले असतात. कादंबरी बदलून न्यायला एखादी गृहिणी येते. दिवाळीच्या सुमारास दिवाळी अंकांच्या योजनेमुळे चार दिवस गर्दी होते, एवढेच. पुस्तकांची कपाटे कुलूपबंद असतात. वरची मुले खालच्या कपाटांकडे फिरकत नाहीत आणि खालची कपाटे वरच्या मुलांसाठी उघडली जात नाहीत. एकाच छपराखाली दोन वेगळ्या संस्था नांदत आहेत असेच कोणालाही वाटावे.

या बदलाकडे पाहून जुन्या पिढीतले वाचक हळहळतात. वाचनालयाची धर्मशाळा झाली, मुलांना पुस्तक नको, फक्त खुर्ची आणि पंखा हवा, असे ते म्हणतात. ही तक्रार अगदीच निराधार नाही, पण ती अपुरी आहे. घरात अभ्यासाला जागा नसणे हे या समाजातले जुने दुःख आहे. भीमराव आंबेडकर परळच्या चाळीतील एका खोलीत राहून शिकत होते. घरातली माणसे झोपल्यानंतर, मध्यरात्र उलटल्यावर उठून त्यांनी अभ्यास केला आणि दिवसा चर्नी रोडच्या बागेत बसून वाचन केले. त्या बागेतच कृष्णराव अर्जुन केळुसकरांची आणि त्यांची ओळख झाली. केळुसकरांनी त्यांच्या हाती पुस्तके दिली, पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्रही भेट दिले. पुढे त्याच विद्यार्थ्याने दादरला घर बांधले ते ग्रंथ ठेवायला जागा पुरावी म्हणून. तेव्हा दोन खोल्यांच्या घरातून, वस्तीगृहातून, शेतमजुराच्या झोपडीतून आलेला मुलगा वाचनालयात शांत कोपरा शोधतो, यात वाचनालयाचा अपमान नाही. उलट, ज्या वर्गाला या पायऱ्या चढायला एकेकाळी मज्जाव होता, त्याच वर्गातली मुले-मुली आज अभ्यासिकेत बहुसंख्येने दिसतात, ही या दोनशे वर्षांतली मोठी कमाई मानली पाहिजे. पुण्याच्या पेठांमध्ये खासगी अभ्यासिकांतली एक खुर्ची महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागते. ते भाडे ज्यांना परवडत नाही, त्यांना गावाचे वाचनालय हाच आधार आहे.

तेव्हा प्रश्न अभ्यासिका असावी की नसावी हा नाही. ती असलीच पाहिजे. प्रश्न असा की, चर्नी रोडच्या बागेतल्या त्या मुलाला केळुसकर भेटले, तसे आजच्या अभ्यासिकेतल्या मुलाला कोण भेटते? त्याला बसायला जागा मिळते, पण हाती पुस्तक ठेवणारे कोणी भेटत नाही. बाग आणि वाचनालय यांत फरक असेल तर तो नेमका इथे आहे. बागेत केळुसकर भेटणे हा योगायोग होता. वाचनालयात तो योगायोग राहू नये, रोजची व्यवस्था व्हावी, एवढ्यासाठीच तर ग्रंथपाल नावाचा माणूस नेमायचा असतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांतील पहिल्या तिन्हींचा इत्यर्थ हाच आहे: पुस्तके वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचक वरच्या मजल्यावर आणि पुस्तक खालच्या मजल्यावर कुलपात, अशा स्थितीत हे तिन्ही नियम एकाच वेळी मोडतात.

यात विद्यार्थ्यांचेही नुकसान आहे आणि ते केवळ संस्कारांचे नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी पुण्याच्या रस्त्यावर उतरले आणि २०२३ साली हा बदल २०२५ पासून लागू करण्याचे मान्य झाले. आंदोलनामागची अडचण खरी होती. चार पर्यायांतून एक निवडण्याची वर्षानुवर्षे सवय झालेल्या मुलाला एकाएकी निबंध लिहायला सांगितले तर तो गोंधळणारच. पण निबंध लिहिण्याची तयारी मार्गदर्शिकेतून होत नाही. ज्याने चरित्रे, इतिहास, प्रवासवर्णने, चांगल्या कादंबऱ्या आणि वृत्तपत्रांतील लेख आवडीने वाचले आहेत, त्याच्याच लेखणीला शब्द सापडतात. ज्या पुस्तकांनी ही तयारी होते ती सारी त्याच इमारतीत, पंधरा-वीस पायऱ्या खाली आहेत. शिवाय या परीक्षांचे गणित सर्वांना ठाऊक आहे. जागा शेकड्यांनी आणि उमेदवार लाखांनी. म्हणजे अभ्यासिकेत आज बसलेल्यांपैकी बहुतेकांना हवी ती नोकरी मिळणार नाही. पाच-सात वर्षे एका खुर्चीत काढून तिशीला आलेला तरुण रिकाम्या हाताने घरी परततो, तेव्हा त्या वाचनालयाने त्याला काय दिले, असे विचारले तर उत्तर काय आहे? त्या वर्षांत त्याला वाचनाची गोडी लागली असती, दुसऱ्या एखाद्या व्यवसायाची वाट दाखवणारे पुस्तक हाती आले असते, तर ती वर्षे अगदीच वाया गेली असे त्याला वाटले नसते.

हे का होत नाही, याचे उत्तर शोधताना दोष ग्रंथपालाच्या माथी मारणे सर्वांत सोपे असते. म्हणून त्याची स्थिती आधी पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. सरकारने गावोगावी स्वतः ग्रंथालये काढण्याऐवजी लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान द्यावे, असे धोरण त्यात ठरले. पुस्तकांची संख्या, सभासद, कामाचे तास इत्यादी निकषांवर ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग पाडण्यात आले. या धोरणाने संख्या निश्चित वाढली. मान्यताप्राप्त वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. इतर फारच थोड्या राज्यांत एवढे जाळे लोकांच्या संस्थांनी विणले असेल. पण या जाळ्याची वीण किती विरविरीत आहे, ते आकड्यांवरून कळते. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ केली. तोपर्यंत सर्वांत खालच्या, ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाला वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत होते. ते या वाढीने ४८,००० झाले. अनुदानाची निम्मी रक्कम वेतनावर खर्च करायची असते. म्हणजे वाढीपूर्वी त्या गावच्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला १,२५० रुपये येत होते आणि वाढीनंतर २,००० येऊ लागले. एवढ्या पैशात महाराष्ट्रात आज पूर्ण दिवस राबणारा कोणताही मजूर मिळणार नाही. वरच्या वर्गांतील वाचनालयांची स्थिती थोडी बरी, पण तिथे माणसेही अधिक आणि ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतलेली असूनही वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही, सेवेची शाश्वती नाही. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. अशा माणसाने अभ्यासिकेत जाऊन मुलांची विचारपूस करावी, त्यांना पुस्तके सुचवावीत, अशी अपेक्षा करणे हे क्रूर नसले तरी निर्लज्ज खचितच आहे.

सरकारची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. अनुदानासाठी कागदावर चाललेली वाचनालये राज्यात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच खोलीवर पाटी, दाखलनोंदवहीत पुस्तके, कपाटात धूळ आणि तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावाहून आणलेले गठ्ठे, हे प्रकार ग्रंथालय चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनाही माहीत होते आणि त्यांनीच ते खासगीत सांगितले आहेत. २०१२ साली महसूल खात्यामार्फत सर्व वाचनालयांची पडताळणी झाली आणि पुष्कळ ठिकाणी उणिवा आढळल्या. त्यानंतर मात्र नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही वर्षानुवर्षे थांबवण्यात आली. लबाडांना शासन व्हावे हे योग्यच होते. पण चोर सापडला म्हणून साऱ्या आळीचे पाणी तोडावे, तसा हा न्याय झाला. ज्या गावांनी पदरमोड करून पुस्तके वाढवली, सभासद वाढवले, तीही आहे त्याच वर्गात अडकून पडली. त्यांनी उत्साह कोणाच्या भरवशावर टिकवायचा?

अनुदानाच्या या पद्धतीचा आणखी एक परिणाम झाला आणि तो पैशापेक्षा गंभीर आहे. गावाचे वाचनालय हळूहळू सरकारचे झाले आणि सरकारने ते कधीच आपले मानले नाही. पूर्वी पावसाळ्यात कौले गळू लागली की कार्यवाह पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरत. आता ते अर्ज घेऊन जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीत फिरतात. व्यापाऱ्याला, डॉक्टरला, शाळामास्तराला वाटते की अनुदान मिळते, तेव्हा आपला संबंध संपला. नगरपालिकेला वाटते की हा राज्याचा विषय आहे. राज्याला वाटते की ही लोकांची संस्था आहे. तिघांच्या मध्ये वाचनालय उभे असते आणि त्याच्या छपरातून पाणी गळत असते.

दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येणार नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बडोद्याला आणून ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात गावाने रक्कम उभी केली की संस्थान आणि प्रांत पंचायत आपापला वाटा घालीत. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. सरकारचा हात होता, पण गावाचा हात सुटला नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांसाठी कायदा केला. भारतातला तसा तो पहिला कायदा. मुंबई सरकारने १९३९ साली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत पायऱ्या आखून दिल्या होत्या. म्हणजे विचारांची उणीव महाराष्ट्रात कधीच नव्हती. मद्रास राज्याने रंगनाथन यांच्या प्रेरणेने १९४८ साली जो कायदा केला, त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकाने आणि केरळनेही पुढे तीच वाट धरली. तामिळनाडूत आज मालमत्ता कराच्या रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयांसाठी घेतले जातात. चेन्नईत २०१० साली आणि मदुराईत २०२३ साली उभी राहिलेली भव्य ग्रंथालये पाहून मराठी माणूस थक्क होऊन परततो. पण ज्या राज्यात नागरिकाच्या घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालयाची ओळ छापलेली असते, तिथे ग्रंथालय हा राजकारणाचाही विषय होतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्राने १९६७ साली हा उपकर टाळला. कर नको, अशी भूमिका घेणे कोणत्याही सरकारला प्रिय असते आणि लोकांनाही ती गोड लागते.

उपकर हा रामबाण उपाय आहे असे मात्र कोणी समजू नये. गोळा झालेला उपकर महापालिका आपल्याच तिजोरीत ठेवतात, ग्रंथालयांपर्यंत तो वेळेवर पोचत नाही, अशी तक्रार तामिळनाडूत आणि कर्नाटकात सतत ऐकू येते. तेथील ग्रंथालये सरकारी असल्याने महाराष्ट्रातल्या वाचनालयांसारखी व्याख्यानमाला, कथाकथन, बालवाचकांचे मेळावे यांची धामधूमही सर्वत्र आढळत नाही. तेव्हा तिकडचे सारे उचलून इकडे आणण्याची गरज नाही. लोकांनी चालवलेली संस्था आणि कायद्याने बांधलेला पैसा, या दोहोंची सांगड घालता येते का, हे पाहावयाचे आहे. त्यासाठी पहिली गोष्ट अशी की, सेवकांचे वेतन अनुदानातून वेगळे काढले पाहिजे. शाळा खासगी संस्थेची असली तरी शिक्षकाचे वेतन सरकार देते आणि ते मिळाले नाही तर शिक्षक रस्त्यावर येतात. ग्रंथपालाच्या बाबतीत तोच न्याय लावता येत नाही, असे सांगणाऱ्याने त्याचे कारणही सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट, नगरपालिका, महापालिका आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या अंदाजपत्रकात वाचनालयासाठी ठराविक वाटा ठेवणे बंधनकारक झाले पाहिजे. चौकाचौकांतल्या स्वागतकमानींना जेवढा पैसा लागतो, त्याच्या अंशानेही हे काम होईल.

परंतु सर्व काही सरकारने करावे आणि वाचनालयांच्या कारभाऱ्यांनी ते पाहत राहावे, हेही बरोबर नाही. कित्येक वाचनालयांत कार्यकारी मंडळावर तीच ती नावे तीस-तीस वर्षे दिसतात. आजीव सभासदांची यादी अशी जपली जाते की तीत नवा माणूस शिरू नये. त्यात जुन्या वाचनालयांच्या जागा आता भर बाजारपेठेत आल्या आहेत आणि त्यांचे मोल कोटींत गेले आहे. इमारतीचा पुनर्विकास, खाली दुकाने, वर सभागृह आणि त्यावर वाचनालय, अशा योजना कागदावर आकर्षक दिसतात. काही ठिकाणी त्या आवश्यकही असतील. पण जिथे सभासदत्वच मूठभरांपुरते राहिले आहे, तिथे अशा व्यवहारावर लक्ष कोण ठेवणार? अभ्यासिकेतली शंभर मुले वाचनालयाची रीतसर सभासद असती, त्यांना मताचा अधिकार असता, तर वार्षिक सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास थांबावे लागले नसते आणि ठराव वाचल्याविना मंजूरही झाले नसते.

म्हणून सर्वांत तातडीची सुधारणा अशी की, अभ्यासिकेत खुर्ची घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच शुल्कात देवघेव विभागाचे सभासदत्व द्यावे. त्याला सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, अनुदानही लागत नाही. कार्यकारी मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे. कपाटांची कुलपे काढावीत आणि वाचकाला पुस्तकांमध्ये फिरू द्यावे. काही पुस्तके हरवतील. कुलपात ठेवल्यानेही ती राहत नाहीत; वाळवी आणि कसर यांना किल्ली लागत नाही. नव्या पुस्तकांचा एक मांड अभ्यासिकेच्या दाराशीच ठेवावा. महिन्यातून एका रविवारी विद्यार्थ्यांपैकीच कोणी वाचलेल्या पुस्तकावर अर्धा तास बोलावे. वाचनालयाची वेळ नोकरदारांना सोयीची असावी. दहा ते पाच कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून सहा वाजता वाचनालयात पोचतो आणि साडेसहाला दिवे मालवले जातात, तर तो सभासद किती दिवस राहील? गावातल्या शिक्षकांनीही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. वाचनप्रेरणा दिनाला मुलांच्या हाती पुस्तक देऊन छायाचित्र काढणे सोपे असते; वर्गातल्या चाळीस मुलांना घेऊन वाचनालयात जाणे आणि प्रत्येकाचे नाव सभासदांच्या वहीत घालून येणे याला एक दुपार लागते. ही दुपार किती शिक्षकांनी खर्च केली आहे?

सारे काही आता भ्रमणध्वनीवर मिळते, मग वाचनालय हवे कशाला, असा सवाल अलीकडे सुशिक्षितही करतात. जुनी मासिके आणि दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणण्याचे काम झालेच पाहिजे. गेल्या शतकातला कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना त्याचा चुरा होतो, आणि एखाद्या अंकाची शेवटची प्रत तालुक्याच्या वाचनालयातही असू शकते. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मोठा आनंद साजरा झाला. त्या अभिजात भाषेची कागदपत्रे वाचवण्याचे काम ज्यांच्या कपाटांतून व्हायचे आहे, त्यांचा उल्लेख त्या जल्लोषात फारसा कोठे आला नाही. पण पुस्तक पडद्यावर आल्याने वाचनालयाचे प्रयोजन संपत नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे वाचनालये बंद झाली आणि ऑक्टोबरपर्यंत ती उघडली नाहीत. त्या महिन्यांत भ्रमणध्वनी सर्वांच्या हातात होताच. तरीही दारे उघडण्याची मागणी विद्यार्थ्यांनी आणि वृद्ध वाचकांनी केली, कारण घरात नसलेली एक गोष्ट त्यांना तिथे मिळत होती. ती म्हणजे आपल्यासारखेच वाचत बसलेल्या माणसांची सोबत.

भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव वसवण्यात आले. पाचगणीला जाणारे पर्यटक तिथे थांबतात आणि घराघरांतली पुस्तके चाळतात. योजना चांगली आहे. परंतु महाराष्ट्रातले प्रत्येक गाव पुस्तकांचे गाव व्हावे, यासाठी नवी योजना आखण्याची जरुरी नाही. त्यासाठीची पाटी बहुतेक मोठ्या गावांत केव्हाच लागलेली आहे. तिच्याखालचे दार वेळेवर उघडते का, ते उघडणाऱ्या माणसाला पोटभर वेतन मिळते का, आणि त्या दारातून आत गेलेला विद्यार्थी बाहेर पडताना मार्गदर्शिकेखेरीज आणखी एखादे पुस्तक काखेत घेऊन जातो का, एवढेच पाहायचे आहे. रत्नागिरीच्या द्विशताब्दीला अजून अवधी आहे. तेवढ्या काळात सरकारने वेतनाचा प्रश्न सोडवावा, कारभाऱ्यांनी कुलपे काढावीत आणि गावकऱ्यांनी वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हावे. समारंभाचे निमंत्रण त्यानंतर छापले तरी चालेल.